जंगलात कचरागाडी येत नाही



आषाढ लागला की घराघरातल्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "रविवारी कुठे?" आम्हा राऊकरांना या प्रश्नाच्या उत्तरासाठी फार लांब जावं लागत नाही. बायपासने निघालं की थोड्या वेळात रालामंडल. महूच्या बाजूला वळलं तर पातालपाणी आणि पुढे काळाकुंडचा घाट. आणखी थोडं गेलं की जिथे चंबळ उगम पावते ते जानापाव. मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, आमच्याकडे सह्याद्री नसेल, पण डोंगर आहेत बरं का!

आज मी याच डोंगरांवर कसं वागावं याबद्दल लिहिणार आहे. "नियम" हा शब्द बघून तरुण मंडळींनी लगेच पुढच्या पानावर जाऊ नये. हे नियम मला कुणी शिकवले नाहीत. आमच्याच घरात ते मोडले गेले, आणि त्यानंतरच्या एका तासात मी ते शिकले.

गेल्या श्रावणातली गोष्ट. पुण्याहून नणंदबाई आणि त्यांची दोन मुलं आली होती. धाकटी सहावीत, थोरला दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. थोरल्याने सिंहगड कितीदा केला याची त्यालाच मोजदाद नाही, राजगड-तोरणाही झालेले. रविवारी सकाळी पोहे-जिलबी झाली, मग गप्पा, मग दुपारची झोप, असं करता करता दोन गाड्यांतून आम्ही नऊ जण रालामंडलच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तिकीट देताना तिथल्या चौकीदाराने सांगितलं, "टाइम से नीचे आ जाना साब, बारिश का भी भरोसा नहीं।" आम्ही "हो हो" म्हणून माना डोलावल्या.

वर छान झालं. होळकरांचं जुनं शिकारगृह बघितलं, इंदूर किती पसरलंय ते डोळे भरून पाहिलं, फोटो काढले, डब्यातल्या सांजोऱ्या संपवल्या. भाचेबुवांना मात्र डोंगर फारच किरकोळ वाटला. "मामी, हे काय, सिंहगडाच्या निम्मंसुद्धा नाही!" उतरताना तिसऱ्या की चौथ्या वळणावर तो थांबला. खाली वाटेचं पुढचं वळण दिसत होतं. म्हणाला, "एवढा वळसा कशाला? मी इथून सरळ उतरतो, तुमच्या आधी पोहोचतो." त्याच्या आईने नको म्हटलं. मी हसून म्हटलं, "जाऊ द्या हो, डोंगरातलं पोर आहे." ते वाक्य माझंच होतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

आम्ही फाटकाशी आलो तेव्हा आठ होतो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. फोन लागेना. चढताना रील्स काढून काढून बॅटरी संपवली होती. पावसाची भुरभुर सुरू झाली आणि त्या ढगाळ संध्याकाळी उजेड भराभर कमी व्हायला लागला. आम्ही काही बोलायच्या आतच चौकीदार म्हणाला, "आप नौ जने गए थे। आठ आए।" त्याने मोजलं होतं. आमच्यापैकी कुणी मोजलं नव्हतं.

त्याने दुसऱ्या एका माणसाला हाक मारली, काठी आणि टॉर्च घेतला आणि दोघं वर निघाले. माझ्या यजमानांना त्याने बरोबर येऊ दिलं नाही. "अब आपको भी ढूँढना पड़ेगा क्या?" एवढंच म्हणाला. त्यानंतरची चाळीस मिनिटं आम्ही कशी काढली ते सांगत नाही. नणंदबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं.

पोरगा सापडला. ओल्या मुरमावरून पाय घसरून तो झाडोऱ्यातून खाली एका ओहोळात गेला होता. घोटा सुजलेला, हात खरचटलेले, आणि चेहरा अगदी पहिलीतल्या मुलासारखा झालेला. चौकीदाराच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आला. यजमानांनी खिशातून पैसे काढले तर त्या माणसाने हात मागे घेतला. म्हणाला, "पैसे नहीं साब। अगली बार रस्ते से उतरना। अँधेरे के बाद ये रस्ता हमारा नहीं, उनका है। और घर पे मेरे भी बच्चे राह देख रहे थे।"

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाचा हळूच म्हणाला, "मामी, वरून सगळं किती हिरवंगार आणि स्वच्छ दिसत होतं. पण त्या ओहोळात सगळी चिप्सची पाकिटं आहेत. बाटल्या आहेत. मी त्यांच्यावरच बसलो होतो."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मग मी जरा शोधलं, वाचलं, जाणत्या लोकांना विचारलं. जे कळलं ते तुमच्यासमोर ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे रालामंडल ही बाग नाही. आपण बोलताना "पिकनिक स्पॉट" म्हणतो खरं, पण १९८९ पासून ते अभयारण्य आहे. ज्या टेकडीवर राजेरजवाडे शिकारीला येत, तिथेच आज जनावरांना कायद्याचं संरक्षण आहे. चितळ, नीलगाय, मोर, तरस, साळिंदर आणि बिबट्याही तिथे आहे. शहर चारही बाजूंनी जवळ आलं, बायपास झाला, कॉलन्या झाल्या, पण त्यांना सरकायला दुसरी जागा नाही. आपण तिकीट काढून त्यांच्याकडे दोन-तीन तास पाहुणे म्हणून जातो.

दुसरी गोष्ट. फाटकावरचे नियम हे तिथे बसलेल्या माणसाची मर्जी नसते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा देशभरातल्या सगळ्या अभयारण्यांना लागू आहे. त्याच्या २७ व्या कलमात स्पष्ट म्हटलंय की अभयारण्यात कुणीही प्राण्याला त्रास देऊ नये आणि तिथे कचरा टाकू नये. म्हणजे चितळाच्या मागे मोबाईल घेऊन पळणं आणि पाकीट भिरकावणं या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत बसवल्या आहेत. ३० व्या कलमात आग लावायला आणि पेटती आग सोडून जायला मनाई आहे. ३१ व्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन जायला. या कायद्याच्या सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि दंडाची कमाल रक्कम २०२२ च्या दुरुस्तीने पंचवीस हजारांवरून एक लाखावर गेली. पण दंडाच्या भीतीने नियम पाळा असं मी म्हणणार नाही. प्रत्येक नियमामागे काय आहे ते कळलं की तो आपोआप पाळला जातो.

वाटेपासूनच सुरुवात करू, कारण आमचं तिथेच चुकलं.

डोंगरावरची वाट वळणं घेत का जाते? आमच्या भाच्याला वाटलं तसं म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या सोयीसाठी फक्त नाही. आपलं माळव्याचं पठार काळ्या बसाल्ट खडकाचं, त्यावर मुरूम आणि मातीचा थर. उतारावर हा थर गवताच्या आणि झुडपांच्या मुळांनी धरून ठेवलेला असतो. वळणाची वाट पाण्याला कुठेच सरळ धावू देत नाही. एकाने सरळ उतरून गवत तुडवलं की बारीक रेघ उमटते. दुसऱ्याला ती रेघ वाट वाटते. दहा-वीस जण गेले की गवत मरतं. मग पहिल्या मोठ्या पावसात पाणी तीच रेघ पकडून सरळ खाली येतं, माती घेऊन जातं आणि घळ पडते. घळ पडली की वरची चांगली वाटही खचायला लागते. घसरणाऱ्या पायाचं नुकसान महिन्याभरात भरून येतं, आमच्या भाच्याचंही आलं. उताराची माती परत येत नाही. सिंहगड-राजगडाच्या वाटांवरही हेच चाललंय, हे त्याने नंतर स्वतःच कबूल केलं.

मग वेळ. "संध्याकाळी तर खरी मजा, तेव्हाच बाहेर काढतात," अशी तक्रार मीही केलेली आहे. पण बिबट्या, तरस, साळिंदर ही मंडळी मुख्यतः संध्याकाळनंतर हिंडतात. दिवसभर माणसांच्या आवाजाने दडून राहिलेलं चितळाचं कुटुंब पाण्यावर येतं तेही त्याच सुमारास. अंधार पडल्यावर आपण वाटेवर असणं हे त्यांनाही धोक्याचं आणि आपल्यालाही. फाटक बंद करण्याची वेळ म्हणजे खाली पोहोचण्याची वेळ असते, वरून निघण्याची नव्हे. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून फाटकावरची पाटी वाचायची आणि तिथून मागे हिशेब करायचा.

आता कचरा, म्हणजे भाचा ज्याच्यावर बसला होता तो.

मला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटली. आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग वर्षानुवर्षं पहिलं आलं. पुण्याच्या नणंदेला आम्ही किती ऐकवतो! आमच्याकडे शेंगदाण्याचं टरफलसुद्धा कुणी रस्त्यावर टाकत नाही, गाडीत कचऱ्याचा डबा असतो, लहान पोरांना ओला-सुका पाठ असतो. हे सगळं खरं आहे. मग तीच माणसं डोंगरावर गेल्यावर पाकीट झुडपात का खोचतात?

मला वाटतं, शहरात आपल्याला गाडीची सवय लागली आहे. सकाळी गाणं वाजत गाडी दाराशी येते, आपण डबा देतो, काम संपलं. रस्त्यावर चुकून काही पडलंच तर रात्री झाडणारे हात असतात. आपली स्वच्छता ही आपली सवय आणि त्या लोकांची मेहनत मिळून झालेली आहे. जंगलात त्यातला दुसरा भाग नाही. डोंगराच्या ओहोळात कचरागाडी येत नाही. तिथे टाकलेलं पाकीट पावसाबरोबर आणखी खाली जातं, चितळाच्या किंवा गाईच्या पोटात जातं, नाहीतर पुढची कित्येक वर्षं तिथेच राहतं. जंगलात गेल्यावरच कळतं की आपण खरोखर स्वच्छ आहोत की फक्त आपली व्यवस्था चांगली आहे.

"पण केळ्याची साल तर ओला कचरा, ती चालते की!" हे आमच्या घरात दर वेळी कुणीतरी म्हणतंच. नाही चालत. संत्र्याची साल उघड्यावर सुकून महिनोन्महिने तशीच राहते. आणि उरलेलं अन्न टाकलं की त्याच्या वासाने आधी कुत्री येतात. जिथे कुत्री जमतात तिथे बिबट्या येतो, कारण कुत्रं हे त्याला सोपं भक्ष्य. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला हे चांगलंच दिसून आलं आहे. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा, आणि वस्तीभोवतीचा कचरा आवरा हा तिथे लोकांना दिला जाणारा महत्त्वाचा सल्ला. राऊ-महूच्या परिसरातही बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तेव्हा "तो आमच्याकडे कसा आला" असं विचारण्याआधी आपण वाटेत काय काय टाकून आलो ते आठवावं.

खायला घालण्याचंही तसंच. इथे मी आणखी एक कबुली देते. काळाकुंडच्या घाटात माकडांना बिस्किटं घालायची आम्हाला फार हौस. लेक लहान असताना तिच्या हाताने घालून फोटोही काढले आहेत. काही वर्षांनी त्याच भागात एका माकडाने एका आजींच्या हातातली पिशवी हिसकली, त्या तोल जाऊन पडल्या. माकड काही दुष्ट नव्हतं. पिशवीत खाणं असतं हे त्याला आमच्यासारख्यांनीच शिकवलं होतं. मारुतीरायाचं रूप म्हणून हात जोडावेत, पण बिस्किटाचा पुडा पिशवीतच ठेवावा.

घरचं कुत्रं सोबत नेण्याचा आग्रह आता तरुण घरांत वाढला आहे. तुमचं कुत्रं गुणी असेल, पण कुत्र्यांमधले काही रोग जंगली प्राण्यांना होतात. २०१८ मध्ये गीरमध्ये थोड्या दिवसांत वीसहून अधिक सिंह मेले. त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला, जो कुत्र्यांमध्येही असतो. शिवाय कुत्र्याच्या नुसत्या वासाने हरणं बिथरतात. त्याला घरी ठेवा, संध्याकाळी कॉलनीत फिरवा.

आवाजाबद्दल तरुण मंडळींशी थोडं भांडायचंय. कमरेला स्पीकर लटकवून चढणारे आता प्रत्येक डोंगरावर भेटतात. तुमचं गाणं चांगलं असेल, पण ते ऐकायला इतर कुणी आलेलं नसतं. आणि यात तुमचंही नुकसान आहे. मोर ओरडला, वानरांनी किंवा चितळांनी इशाऱ्याचा आवाज काढला, मागून कुणी हाक मारली, वरून दगड सुटला, यातलं काहीच ऐकू येत नाही. कानात इअरफोन घालून दोन्ही कान बंद करणं हेही तितकंच वाईट. एकदा पंधरा मिनिटं नुसतं गप्प चालून बघा. आमच्या धाकटीने तसं करून पाहिलं तर तिला एका फेरीत चार वेगवेगळ्या पक्ष्यांचे आवाज वेगळे ओळखता आले. नावं कळायला पुढचा आठवडा गेला, ती गोष्ट वेगळी.

आगीचं एक-दोन ओळींत सांगते. आपल्या टेकड्यांवर सागवान आहे. थंडी संपता संपता सागाची पानं गळतात आणि उन्हाळाभर जमिनीवर त्यांचा कुरकुरीत थर असतो. अशा वेळी एक विडी किंवा सिगारेटचं थोटूक पुरतं. काडेपेटी आणि लायटर गाडीतच राहू द्या.

आता पाण्याबद्दल, कारण श्रावणात आपली अर्धी मंडळी धबधब्यांवरच असतात.

पातालपाण्याची २०११ च्या जुलैमधली दुर्घटना तुमच्यापैकी मोठ्यांना आठवत असेल. नदीच्या मधोमध खडकावर उभं असलेलं कुटुंब, भोवती वाढणारं पाणी, आणि काठावरून हतबल होऊन बघणारी माणसं. पाच जण वाहून गेले, सगळे परत आले नाहीत. तो व्हिडिओ देशभर पाहिला गेला. त्यानंतर तेरा वर्षांनी, ३० जून २०२४ ला, लोणावळ्याच्या भुशी धरणामागे जवळजवळ तसंच घडलं. एकाच कुटुंबातले पाच जण पाण्याने ओढून नेले, त्यांत लहान मुलं होती. दोन्ही ठिकाणी माणसं सहलीला गेलेली, साधीसुधी, आपल्यासारखीच होती.

हे होतं कसं, ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. आपण उभे असतो तिथे ऊन असतं, पण पाऊस वरच्या बाजूला, दोन-चार कोसांवर पडलेला असतो. आपल्याकडचा खडक पाणी फारसं मुरू देत नाही, त्यामुळे ते सगळं एकदम खाली येतं. लोंढा यायच्या आधी काही खुणा दिसतात. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होतं, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागतात, पाण्याचा आवाज बदलतो. यातलं काहीही दिसलं की चपला, पिशवी, मोबाईल सगळं सोडून काठाकडे वर यायचं. पाणी "थोडंसंच वाढलंय" म्हणून थांबायचं नाही. गुडघाभर वेगवान पाणीही मोठ्या माणसाचे पाय उचलतं. आणि रेलिंगच्या पलीकडे फोटो काढायचा नाही. त्या फोटोला लाइक देणारी माणसं तिथे हात द्यायला नसतात.

एवढं झालं जंगलाबद्दल. आता वाटेवर भेटणाऱ्या माणसांबद्दल. याचा कायदा नाही, ही नुसती रीतभात आहे.

चढणाऱ्याला आधी वाट द्यावी. ही पद्धत जगभरातल्या डोंगरांवर आहे आणि तिला कारण आहे. चढणाऱ्याचा दम लागलेला असतो, एक लय लागलेली असते, आणि त्याची नजर पायांपाशी असते. उतरणाऱ्याला पुढचं जास्त दिसतं, त्याला थांबणं सोपं असतं. थांबताना डोंगराच्या बाजूला उभं राहावं, दरीच्या बाजूला नको. मोठा ग्रुप असेल तर एका ओळीत चालावं, पूर्ण वाट अडवून गप्पा मारत नव्हे. आजी-आजोबांच्या मागे लागून "जरा लवकर" असे सुस्कारे सोडू नयेत. वाट थोडी रुंद झाली की "काका, जरा पुढे जाऊ का?" म्हणावं, काका आनंदाने बाजूला होतात. आपल्या ग्रुपची चाल ही सगळ्यात हळू चालणाऱ्याची चाल. पुढे धावणाऱ्याने प्रत्येक वळणावर थांबावं. आमच्या घरात हे असतं तर ती चाळीस मिनिटं आलीच नसती.

झाडांवर, शिकारगृहाच्या भिंतींवर बदाम आणि नावं कोरू नयेत, हे सांगायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं. झाडाच्या सालीखालूनच त्याचं अन्न वाहतं. तिथे केलेली जखम झाडाला आयुष्यभर राहते, बऱ्याचदा त्या प्रेमाहून जास्त दिवस.

अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांना विचारा, तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत याहून कडक शिस्त असते. यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडग्यापासून शंभर यार्ड, इतर प्राण्यांपासून पंचवीस यार्ड लांब राहायचं, म्हणजे जवळपास नव्वद आणि तेवीस मीटर. आपली मुलं तिथे गेली की हे सगळं निमूट पाळतात आणि फोनवर कौतुकाने सांगतात. तीच मुलं सुट्टीत इथे आली की रालामंडलच्या चितळाच्या पाठीमागे धावतात. परदेशात नियम पाळायचे आणि घरी आल्यावर सैल सुटायचं, हा आपला जुना रोग आहे. तो तुमच्या पिढीने संपवावा.

रविवारी निघण्याआधी आमच्या घरात आता एक ठरलेली पद्धत आहे. हवी तर तुम्हीही घ्या.

सकाळी लवकर निघायचं, पोहे परत आल्यावर. निघताना माणसं मोजायची, वर पोहोचल्यावर मोजायची, फाटकाशी पुन्हा मोजायची, आणि हे काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाकडे द्यायचं, कारण ते कधी विसरत नाही. किमान दोन फोन पूर्ण चार्ज आणि त्यातला एक पिशवीत बंद. पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या. खाऊ घरून डब्यात, म्हणजे पाकिटाचा प्रश्नच येत नाही. प्रत्येकाच्या खिशात एक कापडी पिशवी, स्वतःच्या कचऱ्यासाठी, आणि दिसलाच तर दुसऱ्याच्याही. एक छोटा टॉर्च, पट्टी आणि मलम. घरी राहणाऱ्या एकाला सांगून जायचं की कुठे चाललो आणि किती वाजता फोन करू. आणि फाटकावरचा माणूस जे सांगेल ते "हो हो" न म्हणता ऐकायचं.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा पुन्हा आला. आला तोच म्हणाला, "मामी, रालामंडल." नणंदबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. सकाळी फाटकावर तोच माणूस होता. त्याने पोराला लगेच ओळखलं. "पैर ठीक है?" भाचा चक्क लाजला. त्याने पुण्याहून चितळ्यांची बाकरवडी आणली होती, "आपके बच्चों के लिए" म्हणून पुढे केली. पैसे नाकारणाऱ्या त्या माणसाने ती मात्र घेतली.

त्या दिवशी भाच्याने एकही वळण चुकवलं नाही. उतरताना धाकटी बहीण एका वळणावर खाली वाकून बघायला लागली, तर तिचा हात धरून म्हणाला, "सरळ नाही जायचं. माती जाते." त्याच्या पिशवीत तेव्हा इतरांनी टाकलेल्या पाच-सहा बाटल्या जमल्या होत्या. खाली आल्यावर धाकटीने मोठ्याने आकडे म्हणत आम्हाला मोजलं. चौकीदाराने लांबूनच बोटं दाखवून विचारलं, "नौ?"

"नौ!" सगळे एकदम ओरडले.

तुमच्या घरातली डोंगराची अशी एखादी फजिती असेल तर मला जरूर लिहून पाठवा. नाव छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पुढच्या महिन्यात भेटूच. तोवर जपून चढा, वाटेने उतरा, आणि माणसं मोजायला विसरू नका!